पन्नास रुपयांचा गुन्हा

समजा, एखाद्याने बैलाला बेदम मारलं, घोड्याला न पेलणारं ओझं ओढायला लावलं किंवा पाळलेल्या कुत्र्याला आखूड साखळीला बांधून उपाशी ठेवलं. त्याच्यावर खटला चालला आणि गुन्हा शाबीतही झाला. शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला किमान १० रुपये आणि कमाल ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केला, तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं हे अकरावं कलम. १९८२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यालाही चार दशकं उलटून गेली. दंडाचा आकडा तिथेच आहे. ५० रुपये आज लग्नाच्या आहेराच्या पाकिटात घालायलाही माणूस संकोचतो.

म्हणून या देशात मुक्या जनावरांसाठी काहीच झालं नाही, असं म्हणता येणार नाही. गेल्या दोनशे वर्षांत खूप झालं. पण ते समजून घ्यायचं तर प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा लागतो: हा कायदा नेमकं कुणाचं रक्षण करतो? जनावराच्या मालकाचं, जनावराचे हाल बघून हळहळणाऱ्या माणसाचं, की खुद्द जनावराचं?

कुत्र्यांसाठी बंद पडलेली मुंबई

या इतिहासाचं एक पान मुंबईत लिहिलं गेलं. जून १८३२. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम इंग्रज सरकारने काढलेला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना आठ आणे बक्षीस मिळत होतं. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचं स्थान आहे. नेमकं त्यांच्या पवित्र दिवशी हे सत्र चालू राहिलं आणि फोर्टमध्ये दंगल उसळली. पारशांच्या सोबतीला जैन, हिंदू आणि इस्माइली व्यापारी आले. बाजार बंद झाले, गोऱ्या साहेबांच्या घरांना आणि लष्कराला जाणारा शिधा-पाणी अडला. अखेर सरकारला नमतं घ्यावं लागलं. त्यातूनच दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्येही वारं बदलत होतं. १८२२ मध्ये रिचर्ड मार्टिन या आयरिश खासदाराच्या प्रयत्नांतून गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा तिथल्या संसदेने मंजूर केला. १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. तोच नमुना पुढे भारतात आला: १८६१ मध्ये कलकत्त्यात, १८७४ मध्ये मुंबईत. परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचं नाव मिळालं. मुंबईकर मात्र त्याला आजही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखतात. त्या काळची मुंबई बैलांच्या आणि घोड्यांच्या खांद्यावर चालत होती, हे त्या नावातच आलं.

दया दाखवणारे लोक होते, पण कायद्याची नजर वेगळी होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावर मारणं किंवा लुळं-पांगळं करणं हा गुन्हा ठरला खरा, पण तो मालमत्तेच्या नुकसानीचा. कलम ४२८ लागू व्हायला ते जनावर किमान १० रुपये किमतीचं असावं लागे. १८९० मध्ये क्रूरतेविरुद्ध देशव्यापी कायदा आला. त्याचा भर होता रस्त्यात, चारचौघांच्या डोळ्यांदेखत होणाऱ्या छळावर. म्हणजे आधी कायद्याने मालकाचा खिसा सांभाळला, मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या भावना सांभाळल्या. गोठ्याच्या दाराआड बैलाच्या पाठीवर काय उमटतंय, ते पाहायला कायदा अजून आत शिरला नव्हता.

एका नर्तिकेचं विधेयक

ते दार ठोठावलं रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या आणि मद्रासमध्ये ‘कलाक्षेत्र’ उभारणाऱ्या रुक्मिणीदेवी १९५२ मध्ये राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्य झाल्या. त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. वैद्यकीय प्रयोगांपासून कत्तलखान्यापर्यंत अनेक गोष्टींना ते हात घालणारं होतं. पंतप्रधान नेहरूंनी भावनेशी सहमती दाखवली, पण विधेयक मागे घ्यायला सांगितलं. सरकार स्वतः समिती नेमून सर्वंकष कायदा आणेल, असा शब्द दिला. रुक्मिणीदेवींनी तो मानला. समिती बसली, तिचा अहवाल आला आणि डिसेंबर १९६० मध्ये आजचा कायदा झाला. या कायद्याखाली १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही रुक्मिणीदेवीच.

या कायद्याचं मोठेपण त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्याने त्याचं भलं होईल अशी सगळी वाजवी काळजी घेतली पाहिजे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत हे पाहिलं पाहिजे, असं हे कलम सांगतं. इथे मालकाचं नुकसान नाही आणि बघ्याची भावनाही नाही. इथे पहिल्यांदा कायद्याने जनावराकडे पाहिलं. अकराव्या कलमात मारणं, अतिरिक्त ओझं, जखमी जनावर कामाला जुंपणं, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, झुंजी लावणं अशी छळाच्या प्रकारांची लांबलचक यादी आहे. पण त्याच कायद्यात पळवाटाही ठेवल्या गेल्या. शिंगं काढणं, खच्चीकरण, डागणं, वेसण टोचणं ही कामं ठरावीक रीतीने केली तर गुन्हा नाही. धर्माने सांगितलेल्या रीतीने जनावर मारणं हाही गुन्हा नाही, असं कलम २८ म्हणतं. आणि शिक्षा? ती तर सुरुवातीलाच पाहिली.

पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची चाचणी प्राण्यांवर करायला आणि अशा चाचण्या केलेला माल आयात करायला बंदी आली. रानातला वाघ, प्रयोगशाळेतला ससा, सर्कशीतला सिंह यांच्यासाठी नियम होत गेले. सगळ्यात मागे राहिलं ते माणसाच्या सर्वांत जवळचं, रोज राबणारं जनावर.

काट्यावरच्या रांगेत

गळिताच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर दुपारी उभं राहिलं, की टायरगाड्यांची रांग दिसते. ऊस बैलांच्या शिंगांच्या वर रचलेला, सोलांनी आवळलेला. वाढ्यांचे भारे त्याच्यावर टाकलेले. मानेवरचं जू जिथे टेकतं तिथे कातडी घासून राठ झालेली. कित्येकांच्या मानेवर गाठीसारखी सूज. शेतकरी तिला खांदेसूज म्हणतात. जू टेकायच्या जागीच ती असल्याने दर फेरीला दुखणं ताजं होतं. चढ आला की गाडीवान खाली उतरतो, चाकाला खांदा लावतो. बैल गुडघ्यावर येतात. मग पराणी चालते.

या बैलांसाठी कायदा नाही असं नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. बैल लहान, मध्यम की मोठा आणि गाडीला चाकं कोणती, यावरून वजनाची मर्यादा ठरते. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही. जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जनावर गाडीला लावायचं नाही. हे नियम कारखान्याच्या फाटकावर लावलेले कुणी पाहिलेत? गाडीचं वजन तर प्रत्येक खेपेला काट्यावर होतंच. पावतीवर टनांचा आकडा छापून येतो. म्हणजे नियम मोडल्याचा पुरावा रोज कागदावर तयार होतो आणि तो पुरावा म्हणून कुणी हातात घेत नाही.

यात गाडीवानाला खलनायक करून भागणार नाही. तो बीडकडून किंवा पाथर्डीच्या बाजूने आलेला ऊसतोड कामगार असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि पैसे टनावर मिळतात. गाडीत कमी ऊस भरला तर त्याच्या पोरांच्या ताटात कमी पडतं. बैलही बहुतेक वेळा त्याचीच पुंजी असते. त्याला ५० रुपये दंड करून काहीच साधणार नाही आणि ५० हजार दंड केला तर तो देशोधडीला लागेल. ज्या व्यवस्थेने दर ठरवला, गाडी दिली, काट्यावर वजन घेतलं, तिच्यावर जबाबदारी टाकणारा कायदा लागेल. आजचा कायदा मालक आणि हाकणारा यांच्यापलीकडे फारसं पाहत नाही.

शिवाय पोलिसांचे हातही बांधलेले आहेत. अकराव्या कलमातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. जनावराचे अवयव तोडणं, त्याला निर्घृणपणे ठार मारणं, झुंजी भरवणं असे मोजकेच प्रकार दखलपात्र. बाकी सगळीकडे ‘एनसी’ नोंदवून तक्रारदाराला न्यायालयाची वाट दाखवली जाते. आणि गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर कलम ३६ प्रमाणे तो दाखलच करता येत नाही. एरवी तारखांवर तारखा पडणाऱ्या देशात तीन महिने म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याएवढाच वेळ.

घाटावरची लढाई

कायद्याच्या वाढीतला सर्वांत मोठा संघर्ष मात्र महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांनी पाहिला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातल्या यात्रांमध्ये घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीवर, बैलगाडे धावतात. गावोगावी त्यासाठी बैल वर्षभर पोटच्या पोरासारखे सांभाळले जातात, बारी सुटली की हजारोंचा आवाज उठतो. हे प्रेम खरं आहे. आणि शेपटी पिरगाळणं, चावणं, टोकदार खिळ्याची काठी, चाबूक, विजेचा झटका हेही खरंच होतं, ते न्यायालयांसमोर पुराव्यानिशी आलं.

जुलै २०११ मध्ये केंद्राने खेळ-प्रदर्शनात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. मग ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतला बैल आवरण्याचा खेळ जलिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती या दोन्ही गोष्टी बेकायदा ठरवल्या. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांचा हा निकाल या क्षेत्रातला सर्वांत दूरगामी ठरला. भूक-तहानेपासून, भीतीपासून, शारीरिक गैरसोयीपासून, वेदना-आजारापासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, ही जगभर मान्य झालेली पाच स्वातंत्र्यं न्यायालयाने भारतीय कायद्यात वाचली. दंड फार तोकडा आहे, संसदेने कायदा दुरुस्त करावा, अशी अपेक्षाही त्याच निकालात व्यक्त झाली.

लोकभावना मात्र दुसऱ्या दिशेने वाहत होती. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जलिकट्टूसाठी तरुणाई लोटली आणि तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि कर्नाटकनेही तीच वाट धरली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. नव्या अटींमुळे शर्यतीचं स्वरूप बदललं आहे, परंपरा कोणती आणि किती जपायची हे विधिमंडळाने ठरवावं, आणि राज्यघटनेत प्राण्यांना मूलभूत हक्क दिलेले नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता.

या प्रवासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. म्हणजे घाटावर बैलाला यातना दिल्या तर पाच लाख आणि तोच बैल संध्याकाळी घरी नेऊन दाव्याला बांधून झोडपला तर पन्नास रुपये! इच्छाशक्ती असली की कडक शिक्षा काही महिन्यांत कायद्यात येते, हे आपल्या विधिमंडळाने स्वतःच सिद्ध केलं आहे. ही इच्छाशक्ती शर्यत टिकवण्यासाठी जागी झाली. बैल टिकवण्यासाठीही ती व्हायला हवी.

निकालांनी झालेली वाट

संसद थांबली तेव्हा न्यायालयांनी पुढचा रस्ता खणला. गोव्यातली धिर्यो, म्हणजे रेड्या-बैलांच्या झुंजी, १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाल्या. मुंबईतल्या हौशी फेऱ्यांच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ मध्ये बेकायदा ठरल्या. ज्योतिबाच्या डोंगरावरच्या ‘सुंदर’ हत्तीला मारहाणीचं प्रकरण गाजल्यावर २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवलं गेलं. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात, नांदणी मठातल्या ‘महादेवी’ हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेलं, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात हजारो लोक रस्त्यावर उतरले. तिच्यावरचं लोकांचं प्रेम आणि तिच्या पायांच्या दुखण्याबद्दलचे अहवाल, दोन्ही एकाच वेळी समोर होते. निकालाने हत्ती हलतो, पण माणसांची मनं वळवायला संवाद लागतो. तो कुणी आधी केला नव्हता.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्नही तसाच. कुत्री मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांच्याच भागात सोडायचं, हे धोरण २००१ च्या नियमांनी आलं आणि २०२३ च्या नियमांनी पक्कं झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने दिला. अवघ्या अकरा दिवसांत मोठ्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची लसीकरणानंतर परत सोडायला सांगितली. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, एसटी स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून मात्र ती कायमची हलवायचा आदेश झाला. रेबीजने दगावणाऱ्या लेकराच्या आईबापांचं दुःख कुणी हलकं मानू नये. पण नगरपालिकांनी निर्बीजीकरणाचं काम वेळेवर आणि नेटाने केलं असतं, तर माणूस विरुद्ध कुत्रा अशी लढाई न्यायालयात लावावी लागलीच नसती.

तीन वर्षं पडून असलेला मसुदा

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने १९६० च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला. त्यात पाच स्वातंत्र्यांचं कलम होतं. ‘निर्घृण क्रूरता’ असा वेगळा गुन्हा होता, त्यात प्राण्यांवरचे लैंगिक अत्याचारही येत होते. दंड हजारोंत होता आणि जीव घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. त्यानंतर तो मसुदा कायदा होऊन बाहेर आलेला नाही.

दरम्यान १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२५ मधून जनावराच्या किमतीची जुनी अट गेली. कुठलंही जनावर मारलं किंवा लुळं केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. हे चांगलंच झालं. मात्र हे कलम आजही मालमत्तेच्या गुन्ह्यांच्याच प्रकरणात आहे, म्हणजे पाया तोच, कुणाचं तरी नुकसान झाल्याचा. आणि जुन्या कलम ३७७ ची जागा घेणारं काहीच नव्या संहितेत नसल्याने प्राण्यांवरच्या लैंगिक अत्याचाराला थेट लागू होणारं कलमच उरलं नाही. ही पोकळी तो मसुदा भरू शकला असता. इंग्लंडने २०२१ मध्ये क्रूरतेची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेली. ज्या देशाच्या धर्तीवर आपण हा कायदा घेतला, तो देश पुढे निघून गेला आहे.

मागायचं काय?

नुसता दंड वाढवून भागणार नाही, पण दंडापासून सुरुवात व्हायला हवी. त्याच्या जोडीला गंभीर छळाचे सगळे प्रकार दखलपात्र करावेत. तक्रारीची तीन महिन्यांची मुदत वाढवावी. कामाच्या जनावरांच्या बाबतीत कारखाना, वीटभट्टीचा मालक, ठेकेदार यांनाही जबाबदार धरावं, गाडीवानाला एकट्याला नाही. आणि २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी ती प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था कागदावरून जमिनीवर यावी: तिला गाडी, पशुवैद्यक, आजारी जनावर ठेवायला जागा आणि हातात थोडे पैसे मिळावेत.

वाचकांनाही आज करता येईल असं बरंच आहे. छळ दिसला तर तारीख, वेळ, जागा दाखवणारे फोटो घ्या, लेखी तक्रार द्या आणि तिची पोच मागा. जनावर मेलं किंवा जायबंदी झालं असेल तर कलम ३२५ चं नाव घ्या, तो दखलपात्र गुन्हा आहे. तीन महिने मोजायला त्याच दिवसापासून सुरुवात करा. पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून, त्याला पुरणपोळी भरवून त्याच्यापुढे हात जोडणारा हा समाज आहे. त्या समाजाने आपल्या खासदाराला एवढं विचारायला हरकत नाही: २०२२ चा मसुदा कुठे अडला आणि तो पुढच्या अधिवेशनात सभागृहात येणार की नाही? रुक्मिणीदेवींना सरकारने सर्वंकष कायद्याचा शब्द दिला होता. पन्नास रुपयांच्या दंडाने तो पुरा होत नाही.